कुत्रा बसला की पक्षी दिसतात

लक्ष्मणासाठी औषधी वनस्पती आणायला गेलेल्या मारुतीला ती नेमकी कुठली हे ओळखता आलं नाही, म्हणून त्यानं अख्खा डोंगरच उचलला आणि वाटेत त्याचा एक तुकडा आमच्याकडे पडला, असं उरणकर सांगतात. तोच करंज्याच्या डोक्यावरचा द्रोणागिरी. या कथेचा धडा आजच्या पक्षिनिरीक्षकांनी फारच मनावर घेतलेला दिसतो. समोरचा पक्षी कोण हे कळेना की तेही अख्खं झाड उचलतात. कॅमेऱ्याचं बटण दाबून धरायचं, सेकंदाला दहा-वीस फोटो पाडायचे, कोण आहे ते घरी गेल्यावर बघू. मारुतीच्या डोंगरात निदान औषध तरी होतं. यांच्या फोटोंत पुष्कळदा नुसती फांदी असते, नुकतीच हललेली. १२ जानेवारी २०२४ ला लोकल उरणपर्यंत आली आणि त्याच दिवशी अटल सेतूचंही उद्घाटन झालं, त्यामुळे मोऱ्याच्या लाँचचं भरती-ओहोटीचं गणित न मांडताही मुंबईकराला आता या डोंगराचा पायथा गाठता येतो. येताना तो नियम पाठ करून येतो: भडक कपडे नकोत, अत्तर नको, बडबड नको आणि कुत्रा तर नकोच नको. पहिले तीन नियम डोंगर चढायच्या आत मोडलेले असतात. चौथ्याबद्दल मात्र सगळे कमालीचे कडक. माझं म्हणणं असं की उन्हाळ्यातल्या डोंगरापुरता हा चौथा नियम पुन्हा एकदा उन्हात धरून बघायला हवा.

मुळात कुत्रा न्यावा की नेऊ नये, हा प्रश्न विलायती पुस्तकांतला आहे. तिकडे कुत्रा घरातून निघतो, गाडीत बसतो आणि पट्ट्यासकट डोंगरावर जातो. सह्याद्रीत, किंवा समुद्राकाठच्या त्याच्या या धाकट्या भावंडांत, कुत्र्याला कोणी नेत नाही; तो येतो. पायथ्याच्या शेवटच्या घरापाशी, टपरीपाशी नाहीतर देवळाच्या पायरीवर एक तांबूस गावठी कुत्रा पडलेला असतो. तुम्ही पाठपिशवीचा बंद आवळलात की तो एक डोळा उघडतो. पिशवीच्या कुठल्या कप्प्यात बिस्किटाचा पुडा आहे हे तुम्हाला शोधावं लागतं, त्याला लागत नाही. माणसाच्या नाकातल्या वासाच्या पेशी लाखांत मोजतात, त्याच्या कोटींत. मग तो उठतो, यथासांग आळस देतो आणि तुमच्या पुढे चालू लागतो, जणू मोहीम त्यानंच आखली आहे. गडकिल्ले फिरणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला हा वाटाड्या ठाऊक आहे. पायथ्याशी त्याला नाव नसतं आणि दुसऱ्या वळणापर्यंत तीन मिळतात, त्यांतलं एक हमखास वाघ्या. (या जिल्ह्यात हे नाव जरा जपूनच घ्यावं, रायगडावरच्या समाधीचा वाद अजून मिटायचा आहे. कुत्रा तिन्ही नावांना सारखीच शेपटी हलवतो.) त्याला "जा घरी" म्हणून पाहावं. तो आदबीनं थांबतो, तुम्ही पन्नास पावलं पुढे गेलात की भलत्याच पायवाटेनं येऊन समोर उभा राहतो. तेव्हा आपल्याकडचा खरा प्रश्न एवढाच उरतो, की कुत्रा तर आला, आता त्याच्याबरोबर करायचं काय.

उत्तर एका वाक्याचं आहे: तो जिथे बसेल तिथे बसायचं. आणि मे महिन्यात तो लवकर बसतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही; पंजांच्या गाद्यांना थोडाफार, बाकी सगळी भिस्त जिभेवर. पक्ष्यांना तर घामाच्या ग्रंथीच नाहीत. दुपारी चोच उघडी टाकून बसलेला कावळा आणि जीभ लोंबवत पडलेला कुत्रा एकच उद्योग करत असतात, तोंडातल्या-गळ्यातल्या ओलाव्याची वाफ करून अंग गार ठेवण्याचा. या बाबतीत सगळ्यांत सुदैवी प्राणी माणूस. त्याला डोक्यापासून पायापर्यंत घाम फुटतो, आणि त्याच्या बहुतेक मूर्खपणाचं मूळही इथेच आहे. चालता येतं म्हणून तो अकरा वाजताही चालतो, बारालाही चालतो आणि "आज पक्षीच नाहीत हो" असं म्हणत उतरतो. पक्षी असतात. ते सकाळी आठ-साडेआठपर्यंत आपली कामं उरकून सावलीत गेलेले असतात, आणि चार-साडेचारला पुन्हा बाहेर पडणार असतात. मधल्या वेळात डोंगरावर फिरणारी एकमेव जात म्हणजे घाम येणारी. त्यातून हे उरण आहे, तिन्ही बाजूंनी खारं पाणी. इथल्या दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, म्हणजे माणसाचा हा जन्मजात फायदासुद्धा इथे निम्मा कागदावरच राहतो. कुत्र्याला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. त्याचं आणि पक्ष्यांचं घड्याळ एकाच कारणानं एकच वेळ दाखवतं, आणि ज्याला पक्षी बघायचे आहेत त्यानं मनगटावरच्या घड्याळापेक्षा हे जिभेचं घड्याळ पाळलेलं बरं.

बरं, कुत्रा सावलीही कुठलीतरी निवडत नाही. पहिल्या झाडाखाली टेकण्याची घाई माणसाला असते. कुत्रा दोन झाडं नापसंत करतो, तिसऱ्याखाली वास घेतो, पालापाचोळा उकरतो, तीन प्रदक्षिणा घालतो आणि मग अंग टाकतो. त्याला दाट पानं हवी असतात, खालची माती जराशी गार हवी असते, खाडीवरून येणारा वारा हवा असतो. नेमकं हेच सगळं पक्ष्यांनाही हवं असतं, त्यातून ते झाड पिकलेल्या उंबराचं असेल तर विचारायलाच नको. अशा ठिकाणी पाऊण तास मुकाट बसलेल्या माणसाला तांबट दिसतो. तांबट ऐकू सगळ्यांनाच येतो. उन्हाळाभर तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारल्यासारखं त्याचं टुक् टुक् चालूच असतं. पण तो ओरडताना मान वळवत राहतो, त्यामुळे आवाज क्षणात डावीकडून येतो, क्षणात उजवीकडून, आणि चालणारा माणूस त्याच्या मागे झाडाभोवती फिरून भोवळ आणून घेतो. चिमणीहून थोडा मोठा, पानांच्याच रंगाचा, कपाळावर लाल टिळा लावलेला हा गृहस्थ बसलेल्यालाच सापडतो. हळद्या येतो, उंबराला दोन चोची मारून जातो. भारद्वाज झुडपांच्या बुडाशी इतक्या गंभीरपणे फिरतो, की कुठल्यातरी खात्याचा तपासणी अधिकारी अचानक आला असावा असं वाटतं. मे संपता संपता नवरंगही कोकणात उतरू लागतो. तो जमिनीवरची पानं उलथणारा, पहाटे आणि तिन्हीसांजेला दोन सुरांची शीळ घालणारा पक्षी. चालत त्याच्यापर्यंत पोचणं जवळजवळ अशक्य, कारण सुक्या पानांवर आपलं पहिलं पाऊल पडलं की तो दुसऱ्या झाडोऱ्यात. इथे कुत्र्याच्या कानाचा उपयोग होतो. कुत्र्याला आपल्यापेक्षा फार वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येतात हे खरं असलं तरी पक्ष्यांची बहुतेक गाणी माणसाच्या कानाच्या टप्प्यातच असतात. कुत्रा ती आधी ऐकतो, याचं कारण वेगळं आहे. परतताना मिसळ कुठे खायची या चर्चेत तो भाग घेत नसतो. त्याचा एक कान उभा राहून ज्या दिशेला वळतो, तिकडे दुर्बीण वळवावी.

त्यातच सातभाई येतात. येतात ते सहकुटुंब, पानं उडवत, एकमेकांवर खेकसत. आणि मग त्यांतल्या एकाची नजर कुत्र्यावर पडते. पुढचा गोंधळ शब्दांत सांगण्यासारखा नाही. सातभाईंनी बोंब ठोकली की बुलबुल बघायला येतात, बुलबुल आले की शिंपी येतो, कोतवाल वरच्या फांदीवर येऊन आपण इथले प्रमुख असल्याचं जाहीर करतो. शत्रू दिसला की लहान पक्ष्यांनी गोळा होऊन त्याला शिव्या घालायच्या, ही पक्ष्यांची जुनी रीत. त्या दहा मिनिटांत, एरवी पानांआड राहणारी निम्मी वस्ती उघड्यावर येते. आळसानं आडवा पडलेला तो शत्रू एका डोळ्यानं सगळं पाहतो आणि पुन्हा झोपतो. हाही पक्ष्यांना त्रासच, असं कोणी म्हणेल. आहेच. पण हाच परिणाम साधायला भ्रमणध्वनीवरून पक्ष्याचाच आवाज पुन्हा पुन्हा वाजवणारे निरीक्षक डोंगरोडोंगरी सापडतात. ऐन विणीच्या दिवसांत नराला आपल्या हद्दीत दुसरा नर शिरल्याचा भास करून द्यायचा आणि तो पिसाटून समोर आला की फोटो काढायचा, याला ते तंत्र म्हणतात. झोपलेल्या कुत्र्यानं कोणाची अशी फसवणूक केलेली नाही. तो कुत्रा आहे आणि कुत्र्यासारखाच दिसतो.

बसण्यानं काय साधतं याचा पुरावा उरणच्या समोरच्या किनाऱ्यावर आहे. करंज्याहून तरीनं पलीकडे रेवसला जायचं, तिथून अलिबागच्या वाटेवर किहीम. १९३० साली सालीम अली तिथे सुगरणींच्या वसाहतीसमोर ठाण मांडून बसले. नर घरटं अर्धवट विणून ठेवतो, मादी येऊन ते पसंत करते, ती अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या पुढच्या घरट्याला आणि पुढच्या मादीच्या शोधाला लागतो, हा सगळा संसार त्यांनी त्या बैठकीत उलगडला. या किनाऱ्यानं पक्षिशास्त्राला दिलेला हा सर्वांत मोठा शोध, आणि त्यासाठी एकही डोंगर चढावा लागला नाही. लागली ती न उठण्याची तयारी. सालीम अलींजवळ ती उपजत असावी. आपल्यासारख्यांना ती कोणीतरी शिकवावी लागते, आणि मे महिन्यात हा शिक्षक बिस्किटाच्या बोलीवर स्वतःच्या चार पायांनी चालत येतो.

आता आक्षेप. सगळ्यांत वजनदार आक्षेप ऑस्ट्रेलियाहून येतो. २००७ साली सिडनीजवळच्या रानात पीटर बँक्स आणि जेसिका ब्रायंट या दोघांनी नव्वद ठिकाणी एक सरळसोट प्रयोग केला. काही वाटांवरून कुत्र्यासह माणूस चालवला, काहींवरून नुसता माणूस, काहींवरून कोणीच नाही, आणि लगेच पक्षी मोजले. कुत्रा गेलेल्या वाटेवर पक्ष्यांच्या जाती ३५ टक्क्यांनी आणि एकूण पक्षी ४१ टक्क्यांनी कमी भरले. कुत्र्यांच्या गळ्यात पट्टे होते, दोऱ्या माणसांच्या हातात होत्या, तरीही. "आमच्याकडच्या पक्ष्यांना कुत्र्याची सवय आहे" असं म्हणून सुटायचीही सोय या दोघांनी ठेवलेली नाही. जिथे कुत्रे रोज फिरवले जात आणि जिथे त्यांना बंदी होती, अशा दोन्ही प्रकारच्या रानांत परिणाम सारखाच निघाला. कुत्र्याचा वकील म्हणून उभं राहणाऱ्यानं हे आकडे खाली मान घालून ऐकले पाहिजेत, आणि मी ते तसेच ऐकतो. फक्त दोन गोष्टी नमूद करू द्या. एक म्हणजे त्याच प्रयोगात नुसत्या माणसानंही पक्षी उडवले होते, कुत्र्याच्या निम्म्याहून कमी, पण उडवले. तोही मोजक्या, शांत माणसानं. पनवेल-ठाण्याहून आलेला तीस जणांचा जथा, त्यातल्या एकाच्या पिशवीला लटकणारा आणि सत्तर सालची गाणी गाणारा स्पीकर, प्रत्येक वळणावर होणारा जयघोष आणि माथ्यावरचा समूहफोटो, यांचा परिणाम सिडनीत तपासलेला नाही; तिथल्या नीतिसमितीनं अशा प्रयोगाला परवानगी दिली असती असं वाटत नाही. आणि दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची: तो अभ्यास चालत्या कुत्र्याचा आहे. वाटेवरून कुत्रा जाताच काय होतं, हे त्यातून कळतं. उंबराखाली पाऊण तास निपचित पडलेल्या कुत्र्याबद्दल तो काही सांगत नाही. सिडनीच्या गार हवेत कुत्री चालत असतील. उरणच्या मेमधला कुत्रा या अभ्यासाच्या कक्षेतून साडेआठच्या सुमाराला बाहेर पडतो.

दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो, कारण त्याला हसून उत्तर देता येत नाही. उन्हाळा हा विणीचा काळ. टिटवी उघड्या माळावर दगडांतच अंडी घालते, रातवा पाचोळ्यावर. चालता-चालता वास घेणाऱ्या नाकाला अशी अंडी म्हणजे वाटेवर मांडलेला नाश्ता. टिटवी आरडाओरडा करून अंगावर झेपावते, बिचारी पोटाची पिसं भिजवून आणून अंडी गार ठेवते, आणि एवढं करूनही एका मोकाट कुत्र्यापुढे तिचं काही चालेलच असं नाही. मोकाट कुत्रा काय करू शकतो याचं टोकाचं उदाहरण न्यूझीलंडचं आहे. १९८७ साली वायटांगीच्या जंगलात एका जर्मन शेफर्ड कुत्रीनं काही आठवड्यांत पाचशेच्या आसपास किवी मारले, असा अभ्यासकांचा अंदाज. त्या जंगलात मुळात किवी होते नऊशेच्या आसपास. पण त्याच देशाची दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे. १८९०च्या दशकात रिचर्ड हेन्री नावाच्या गृहस्थानं, उडता न येणारे काकापो वाचवण्यासाठी ते पकडून सुरक्षित बेटावर न्यायचं ठरवलं. रात्री हिंडणारे, हिरव्या झाडीत हिरवे असे ते पोपट माणसाला दिसेनात. त्यानं कुत्रा घेतला, त्याच्या तोंडाला मुसकं बांधलं आणि शेकडो पक्षी शोधून काढले. म्हणजे एकाच देशात एका कुत्र्यानं पक्षी संपवत आणले आणि दुसऱ्यानं वाचवायला मदत केली, आणि दोघांच्या नाकांत काडीचा फरक नव्हता. फरक होता तो दुसऱ्याच्या तोंडाला बांधलेल्या मुसक्यात आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या अकलेत. तेव्हा घरचा कुत्रा आणणाऱ्यानं दोरी सोडायची नाही, माळ आला की ती आखडती घ्यायची, आणि टिटवी ओरडायला लागली की फोटोसाठी न थांबता वाट बदलायची. दोरीनं पक्षी उडायचे थांबत नाहीत हे सिडनीनं सांगितलंच. अंडी मात्र वाचतात. पायथ्याहून आपणहून आलेल्या गावठ्याला दोरी नसते, हे खरं. त्याच्यासाठी दोरीचं काम बिस्किटाचा पुडा करतो: तो पिशवीतच राहू द्यावा. पुडा बंद असेपर्यंत कुत्रा दहा पावलांपलीकडे जात नाही. माथ्यावर तो फोडून वाटणारे दयाळू लोक कुत्र्याला एकच गोष्ट शिकवतात, की मुक्काम वर हलवावा. मग पुढच्या सोमवारी, माणसं नसताना, तो आपलं जेवण कुठून मिळवतो हे टिटवीला विचारावं. द्यायचं तर वर पाणी द्यावं, आणि बिस्कीट खाली उतरल्यावर, जिथून त्याला घेतलं तिथेच.

तिसरा आक्षेप गिर्यारोहकांचा, आणि तो जोरात असतो. "आम्ही चढायला आलोय, झाडाखाली बसायला नाही." चढा की. माथ्यावर पोर्तुगीज काळातल्या बांधकामाचे अवशेष आहेत, खाली एका बाजूला करंज्याची खाडी, दुसरीकडे न्हावा-शेव्याच्या क्रेनांची रांग, आणि दिवसभरात खात्रीनं दिसणाऱ्या चिमण्या म्हणजे ओएनजीसीच्या. हे सगळं बघण्यासारखं आहे. माझा वाद फक्त त्यांच्याशी आहे जे गळ्यात दुर्बीण अडकवून चढतात, तासाभरात माथा गाठतात आणि पक्ष्यांची यादी भरून उतरतात. डोंगराला उंची असते म्हणून ती गाठायची, हा एक छंद झाला. पक्षी बघणं हा दुसरा. दोन्ही एकदम करणारा माणूस पक्षी ऐकतो आणि पाय बघतो.

कुत्र्याचा एक फायदा असा आहे, जो फक्त उरणलाच लागू पडतो. द्रोणागिरीच्या एका अंगाला ओएनजीसीचा प्रकल्प, दुसऱ्या अंगाला करंज्याचं नौदलाचं शस्त्रागार, समोर बंदर. अशा ठिकाणी पहाटे पाच वाजता मातकट कपडे घालून, झुडपात दबून, लांब नळीची दुर्बीण रोखून बसलेला अनोळखी माणूस "मी तुतारी पक्षी शोधतोय" असं सांगू लागला, तर त्यावर विश्वास बसायला ऐकणाऱ्याला वेळ लागतो. २२ सप्टेंबर २०१६ ला उरणच्या शाळकरी मुलांनी काळ्या कपड्यांतली संशयास्पद माणसं पाहिल्याचं सांगितलं, तेव्हा नौदलापासून दहशतवादविरोधी पथकापर्यंत सगळे कामाला लागले होते. उरीचा हल्ला नुकताच झालेला होता. शोधात कोणी सापडलं नाही, पण गावकऱ्यांच्या नजरेला तेव्हापासून जी धार आली ती योग्यच आहे. अशा वेळी शेजारी कान खाजवत बसलेला तांबूस कुत्रा हे फार भरवशाचं ओळखपत्र ठरतं. हेर कुत्रा घेऊन येत नाहीत, अशी लोकांची पक्की समजूत आहे, आणि कुत्रा तर त्यांच्याच आळीतला निघतो. अर्थात ज्या आवाराला कुंपण आहे आणि पाटी आहे, तिकडे दुर्बीण वळवू नये, कुत्रा असला तरी. तिथला खंड्या आपल्याही बाजूला येतो.

कुत्र्याच्या बाजूनं बोलताना मला सगळ्यांत जास्त भीती कुत्रेप्रेमींची वाटते. हा लेख वाचून कोणी बर्फाच्या देशातला हस्की मे महिन्यात उरणला आणला, तर ते पाप माझ्या माथी नको. ज्या कुत्र्याच्या अंगावर निसर्गानं दुहेरी लोकर चढवली त्याला इथे आणणं, किंवा ज्याचं नाक माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या चेपून टाकलं त्या पगला इथे चढवणं, हा प्राण्याचा छळ आहे. आखूड तोंडाच्या कुत्र्याला धाप टाकूनही अंग नीट गार करता येत नाही, आणि त्याच्याकडे दुसरा उपाय नाही. या मंडळींचं पुराणातलं आवडतं उदाहरण म्हणजे युधिष्ठिर. डोंगरावर कुत्र्यासह जाण्याची ती बहुधा सर्वांत जुनी नोंद, आणि भाऊ, बायको सगळे गळून पडले तरी कुत्रा शेवटपर्यंत पोचला, हे खरं. पण ती वाट हिमालयाची होती. शिवाय तो कुत्रा म्हणजे साक्षात यमधर्म होता, असं व्यासांनी शेवटी उघड केलं आहे. घरच्या लॅब्रॅडॉरकडून तेवढी तयारी अपेक्षू नये. एक मात्र त्या कथेतून घेण्यासारखं आहे: कुत्रा युधिष्ठिरानं नेला नव्हता. तोही मागे लागूनच आला होता, आणि आपल्या परंपरेला कुत्र्याची हीच जात मान्य दिसते.

राहिला शेवटचा मुद्दा, उरणातून पक्षी कमी झाल्याचा, आणि त्याचं खापर गावातल्या कुत्र्यांवर फोडण्याचा. इथे मात्र माझा तोल थोडा जातो. या तालुक्यात मिठागरं होती, खाजणं होती, भरतीचं पाणी आत घेणाऱ्या खाड्या होत्या. १९८९ साली बंदर सुरू झालं, मग कंटेनरांची गोदामं, मग रस्ते, मग भराव. पाणजेच्या पाणथळीत भरतीचं पाणी येण्याच्या वाटा बंद झाल्याच्या तक्रारी वनखात्यापासून हरित लवादापर्यंत फिरल्या. यांपैकी एकाही कामाची निविदा कुत्र्यानं भरलेली नव्हती. आरोपपत्र लिहायचंच तर पहिला आरोपी भराव, दुसरा आपण, आणि कुत्रा तिसरा. आणि तिसऱ्यालाच फाशी देऊन खटला संपवायचा असेल तर चोर सोडून संन्याशाला सुळी हेच त्याचं नाव. पण आरोपी क्रमांक तीन निर्दोष आहे, असंही मी म्हणत नाही. पाणजेला, भेंडखळला, जिथे कुठे पाणथळ उरली आहे तिथे कुत्रा नेऊच नये, दोरीनंसुद्धा नको. एप्रिल-मेमध्ये तुतारीसारखे लांबचे प्रवासी उत्तरेकडे निघायच्या तयारीत असतात. हजारो किलोमीटर उडायचं तर अंगावर चरबी चढवावी लागते, ती चिखलातले किडे टिपून चढते, आणि भरतीच्या वेळी कोरड्या बांधावर विसावलेला थवा दर पंधरा मिनिटांनी उठवला की ती उडण्यातच जळते. तिथे कुत्र्याचा जो एकमेव गुण मी एवढा वेळ सांगत आलो, तोही कामाला येत नाही, कारण पाणथळीत सावलीच नसते. कुत्रा बसत नाही. चिखलात शिरतो, धावतो, आणि सिडनीचे आकडे खरे करून दाखवतो. शिवाय तिथे लोक ज्यासाठी जातात तो रोहित त्याला दाखवून उपयोग नाही. कुत्र्याला निळा आणि पिवळा दिसतो, तांबड्या-गुलाबीत त्याला काही वेगळं वाटत नाही. आपण ज्याच्यासाठी पहाटेची लोकल पकडली, तो त्याच्या लेखी मळकट रंगाचा, विनाकारण उंच बगळा. म्हणून पाणजेला जायच्या दिवशी द्रोणागिरीच्या कुत्र्याला द्रोणागिरीलाच राहू द्यावं. त्याची काळजी करू नये. तोवर त्यानं पुढच्या जथ्यातली सगळ्यांत फुगलेली पाठपिशवी हेरलेली असते, आणि तिचा मालक बुटाची नाडी बांधायला वाकलेला असतो.